अबोल्यातली रिले

मी मुळातच भोचक. त्यात औषधांचं दुकान चालवते, त्यामुळे कुणाला झोप लागत नाही, कुणाचं पोट साफ होत नाही आणि कुणाच्या घरी पाळणा हलणार आहे, हे मला त्या त्या घरातल्या माणसांच्या बरोबरीनं कळतं. असलं काही मी बाहेर बोलत नाही. पण एखादी गोष्ट कळलीच नाही, तर मात्र मला अन्न गोड लागत नाही. समोरच्या दुकानातल्या दोन जावा एकमेकींशी का बोलत नाहीत, ही गोष्ट मला कितीतरी वर्षं कळली नव्हती.

ते दुकान खुर्च्या-सोफ्यांचं. जुनं कापड फाडायचं, आतलं भरण बदलायचं, नवं कापड चढवायचं. दोन भाऊ सांगाडे उघडून स्प्रिंगा बांधत. थोरली जाऊ कापड बेतायची आणि चढवून खिळे ठोकायची, धाकटी मशीनवर शिवायची. अख्खा रस्ता त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणायचा, मीही तेच म्हणते. थोरली उंच, रुंद हाडाची, कपाळावर कायम आठी. धाकटी तिच्या खांद्याला लागेल एवढी, पण चालायला लागली की बाकीच्यांना पळावं लागे. दुकानाच्या मागेच घर, एकच स्वयंपाकघर, एकच नळ. एवढ्याशा जागेत दोन बायकांनी अबोला धरायचा म्हणजे कौशल्याचं काम, पण दोघी कामाला वाघ होत्या.

अबोला सुरू झाला तेव्हा म्हणे आठवडाभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. कारण थोरलीला बारीक खिळे तोंडात धरून काम करायची सवय. एक एक खिळा जिभेनं पुढे आणायचा आणि हातोडीला टेकवायचा. तोंडात खिळे असलेल्या बाईकडून गप्पांची अपेक्षा कोण करणार? पुढे खिळे संपले तरी तोंड उघडेना, तेव्हा भावांना संशय आला.

त्यांचं काम मात्र अडलं नाही. थोरली कापडाच्या उलट्या बाजूला खडूनं खुणा करायची: इथे चुण्या, इथे दुहेरी शिवण, इथे जरा सैल. धाकटी त्या बघून शिवायची. काही राहिलं तर धाकटी छताकडे बघून म्हणायची, "खुर्चीच्या या हाताचं माप कुणी घेतलं असेल, तर बरं होईल." मग थोरली नवऱ्याला म्हणायची, "माप भिंतीवर लिहिलंय, ज्यांना डोळे आहेत त्यांना दिसेल." मी एकदा कात्रीला धार लावून घ्यायच्या निमित्तानं तासभर तिथे बसले होते. त्या तासात त्या दोघी छताशी, मशीनशी, माझ्याशी आणि दारातल्या मांजरीशी बोलल्या. एकमेकींशी अवाक्षर नाही.

घरोघरी मातीच्या चुली, जावाजावांचं कुठे जमतं, असं म्हणून रस्त्यानं विषय सोडून दिला. मला सोडवेना. कारण अबोल्याच्या आधीच्या त्या दोघी मला आठवत होत्या. एकीनं वाक्य सुरू करायचं, दुसरीनं संपवायचं, आणि दोघींच्या हसण्यानं माझ्या गिऱ्हाइकाला काय हवंय ते मला ऐकू यायचं नाही. मी सगळ्यांकडे चौकशी केली. कुणी म्हणालं दागिन्यावरून, कुणी म्हणालं खोलीवरून, कुणी म्हणालं थोरलीच्या मुलाला धाकटीनं एकदा मारलं त्यावरून. तो मुलगा तर धाकटीच्या हातचं जेवूनच मोठा झाला होता. म्हणजे सगळेच अंधारात तीर मारत होते.

आता धावण्याचं सांगते. धाकटीचं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. ती बरेच दिवस माहेरी राहून परत आली, ती वाळून काडी झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, रोज संध्याकाळी मोकळ्या हवेत चालत जा. ती शाळेमागच्या मैदानावर चालायला जाऊ लागली. चालता चालता एक दिवस ती पळाली. का पळालीस, असं मी विचारलं, तर म्हणाली, "चालताना विचार येतात. पळताना दम लागतो."

मैदानावर शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे सर पोरांना शिकवायचे. त्यांनी तिला आठ दिवस पाहिलं आणि बोलावून सांगितलं, बाई, तुम्ही चुकीच्या वयात बरोबर पळताय. तिथून ती मैदानाची झाली. आणि घरात जे तोंड बंद होतं, ते मैदानावर असं सुटलं, म्हणून सांगू! कुंपणाबाहेर कुणी बाई भाजीची पिशवी घेऊन क्षणभर बघत उभी राहिली, की धाकटी जाऊन म्हणायची, "पिशवी इकडे द्या. एक फेरी मारून या. नाही जमलं तर परत या, पिशवी कुठे पळून जात नाही." बाई लाजायची, नाही म्हणायची, मग चपला काढून ठेवायची. धाकटी दोन्ही हातांत चारचार पिशव्या धरून उभी आहे आणि मैदानात बायका धापा टाकत फिरताहेत, हे दृश्य मी रोज बघितलंय. माझीही पिशवी तिनं अशीच काढून घेतली. बँकेतली, दवाखान्यातली, शिवणाच्या वर्गातली, सगळ्या तशाच आल्या.

आणि एके दिवशी थोरली आली. कुणी बोलावलं नव्हतं. पिशवी नव्हती, बघत उभी राहिली नाही, सरळ आत आली आणि धाकटीच्या मागून पळू लागली. धाकटीनं वळून पाहिलं नाही. पण तिनं वेग थोडा कमी केला, हे मी पाहिलं. मी तेव्हा मागून येत होते, मला सगळं दिसतं.

सरांना बिचाऱ्यांना अबोल्याचा पत्ता नव्हता. त्यांना दिसलं ते एवढंच, की दोघींची पावलं एका लयीत पडतात. त्यांनी प्रौढ महिलांचा रिलेचा संघ केला. पहिली थोरली, दुसरी धाकटी, तिसरी मी, चौथी आमची टपालबाई, जिला रस्त्यातल्या सगळ्या कुत्र्यांनी आधीच तयार करून ठेवलं होतं. मग सरांनी बॅटन कसं द्यायचं ते समजावलं. घेणारीनं मागे बघायचं नाही. मागे बघितलं की पाय अडखळतो. मागून येणारी जवळ आली की हाक देणार, त्या हाकेसरशी हात मागे करायचा, बॅटन हातात येणारच असं समजून पुढे पळत राहायचं.

"हाक कोण देणार?" धाकटीनं विचारलं.

"कोण म्हणजे? या देणार," सर थोरलीकडे बोट दाखवून म्हणाले. आम्ही सगळ्या बुटांच्या नाड्या बघायला लागलो.

पहिल्या खेपेला थोरली मागून आली ती अळीमिळी गुपचिळी. धाकटी हाकेची वाट बघत पळत राहिली, हात मागे केलाच नाही. थोरली तिच्या पाठीवर जाऊन आदळली आणि दोघी मातीत. सर ओरडले, "अहो, तोंड आहे ना? एक शब्द बोलायला काय पैसे पडतात?" दुसऱ्या खेपेला थोरली पळत आली. तिचा चेहरा लाल झाला होता, तो पळण्यानं नव्हे. शेवटच्या क्षणी ती ओरडली, "घे!"

धाकटीचा हात मागे गेला, बॅटन हातात बसलं. ती माझ्यापर्यंत आली, मला बॅटन दिलं, आणि मग नळावर जाऊन तोंड धूत राहिली. बराच वेळ धूत होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "डोळ्यात माती गेली."

पुढची कितीतरी वर्षं हेच चाललं. थोरलीचा शाळेत जाणारा मुलगा नोकरीला लागून परगावी गेला, तरी चाललं. घरात छताशी बोलायचं, मैदानावर एक शब्द. सरावाच्या दिवशी तो शब्द चारपाच वेळा यायचा, स्पर्धेच्या दिवशी एकदाच. आम्ही आसपासच्या शहरांत जाऊन जिंकून आलो, हरलो, एकदा बॅटन पाडून बाद झालो. धाकटीच्या पिशव्यांमधून मैदानावर अख्खी फौज तयार झाली, त्यातल्या काहीजणी तर आमच्यापेक्षा वेगानं धावू लागल्या. पण माझं लक्ष त्या एका शब्दाकडे असायचं. धाकटी सरावाला एकही दिवस चुकवत नसे. ताप असला तरी यायची. माझ्या दुकानातून गोळी घेऊन थेट मैदानावर.

मग थोरलीचा गुडघा गेला. आधी ती माझ्याकडून मलम न्यायची, मग दुखण्याच्या गोळ्या, आणि प्रत्येक वेळी बजावायची, "घरात बोलू नका." शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, पळणं बंद, कायमचं. तिनं सरांना सांगितलं, सरांनी आम्हाला. त्याच दिवशी संध्याकाळी धाकटी माझ्या दुकानात आली. तिला काहीच घ्यायचं नव्हतं.

"गुडघ्याला खरंच काही औषध नाही?" तिनं विचारलं.

"चालता येईल, पळता नाही यायचं," मी म्हणाले.

ती काउंटरच्या कडेवरून बोट फिरवत उभी राहिली. मग सरळ म्हणाली, "म्हणजे आता ती माझ्याशी कधीच बोलणार नाही."

मी म्हणाले, "मग तू बोल की."

"मीच पहिल्यांदा थांबले होते," ती म्हणाली. "आता सुरू कुठून करायचं, तेच कळत नाही. त्या एका शब्दावर मी घर धरून होते हो."

माझ्याकडे दर दुखण्याला काही ना काही असतं. त्या दिवशी मला काहीही देता आलं नाही.

नेमका याच सुमाराला, पुढच्या रविवारी, शहराच्या क्रीडा मंडळाचा गौरव समारंभ ठरला. दरवर्षी ते गावातल्या खेळाडूंचा गौरव करतात. नुसती पदकं आणणाऱ्यांचा नव्हे, ज्यांच्यामुळे इतरांना खेळाची गोडी लागली त्यांचा. यंदा या दोघी जावांची निवड झाली. मंडळाची एक पद्धत आहे. तिथे पाहुण्यांची भाषणं होत नाहीत. एकदा कुणा पाहुण्यानं इतकं लांबवलं होतं, की ज्याचा गौरव करायचा तो पैलवान पहिल्या रांगेत घोरायला लागला. तेव्हापासून चिटणीसांनी नियम केला: खेळाडूची ओळख सोबतच्या खेळाडूनंच करून द्यायची, दोन मिनिटांत. चिटणीस सरळ माणूस. त्यांनी ठरवून टाकलं, थोरलीची ओळख धाकटी करून देईल आणि धाकटीची थोरली.

मी हा निरोप घेऊन त्यांच्या दुकानात गेले.  थोरली खुर्चीच्या पाठीला खिळे ठोकत होती. मी सांगितलं. तिनं तोंडातले खिळे न काढता मान हलवली. हो की नाही तेही कळेना. मग ती डॉक्टरांकडे जायला निघाली, भाऊ माल आणायला गेलेले, आणि मी व धाकटी दोघीच उरलो.

"मी चिटणीसांना सांगून बदलून घेऊ का?" मी विचारलं. "तुमचं हे असं..."

"नको," ती म्हणाली. मशीनचं चाक हातानं थांबवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला कधीपासून विचारायचंय ना? विचारा."

मी विचारलं. इतकी वर्षं जीभ शिवशिवत होती, आणि ऐन वेळी माझा आवाज बारीक निघाला.

तिनं सांगितलं. बाळाची चाहूल लागली तेव्हा दोघींनी मिळून एक छोटी गादी केली होती. थोरलीनं स्वतः बसून कापूस पिंजला, धाकटीनं कडा शिवल्या. उरलेल्या कापडातलं सगळ्यात मऊ कापड. बाळ गेलं. धाकटी माहेरी गेली. परत आली तेव्हा गादी जागेवर नव्हती. "मी विचारलं, कुठेय? तर म्हणाली, उसवली. कापूस चांगला होता, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत भरला." धाकटीनं दोरा दातानं तोडला. "माझ्याकडे बाळाचं दुसरं काहीच नव्हतं हो. त्या गादीवर कोणीतरी परकं माणूस बसतंय, एवढंच डोळ्यांसमोर यायचं. मी तिच्याशी बोलायचं थांबले. वाटलं, विचारेल, का बोलत नाहीस म्हणून. तिनं विचारलंच नाही. तीपण थांबली."

मला थोरलीचा भयंकर राग आला. कापूस काय मिळत नव्हता बाजारात? त्या रागातच मी रविवारी समारंभाला गेले.

शाळेचं सभागृह भरलं होतं. अर्धं मैदान तिथेच होतं, बायका आपापल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पहिल्या रांगेत दोघे भाऊ इस्त्रीचे शर्ट घालून, परीक्षेला बसल्यासारखे. आधी धाकटी उठली. माइक तिच्या उंचीला खाली केला. ती म्हणाली, "या माझ्या थोरल्या जाऊबाई. आमच्या संघात या पहिल्या पळायच्या. सुरुवात यांनी केली नाही तर आमच्या तिघींना पळता येत नाही." आणि पटकन जाऊन बसली. टाळ्या झाल्या. थोरली स्मृतिचिन्ह हातात घेऊन तशीच उभी.

मग तिची पाळी. ती लंगडत माइकपाशी आली. माइक वर केला. आणि गप्प.  धाकटीनं मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले होते. चिटणीस घड्याळ बघू लागले. मी मनात म्हणत होते, बोल गं बाई, काहीतरी बोल.

थोरलीनं घसा साफ केला. "हिचा डावा पाय बाहेर पडतो," ती म्हणाली.

सभागृह चपापलं.

"इतकी वर्षं सर सांगताहेत, तरी पडतो. शिवाय हिला घाई फार. माणूस मागून येतंय, त्याला येऊ द्यावं, पण नाही. हात आधीच मागे. आमचं एकदा बॅटन पडलं आणि आम्ही बाद झालो, ते हिच्या घाईमुळे."

"माझ्या घाईमुळे?" धाकटी खुर्चीतून उभीच राहिली. माइक नव्हता, तरी शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. "तुम्ही हाक उशिरा दिलीत!"

"उशिरा? तू आधी सुटलीस!"

"तुमचा घसा बसला होता त्या दिवशी! आदल्या दिवशी सांगितलं होतं मी, छताला सांगितलं होतं, की कुणीतरी गरम पाणी प्या!"

"प्यायले होते!"

"नव्हतात प्यायला! पाणी तसंच होतं, भांडं मीच घासलं!"

सगळं सभागृह हसू लागलं. चिटणीस मध्ये पडायला उठले, तर सरांनी त्यांचा कोट धरून त्यांना खाली बसवलं आणि म्हणाले, "बसा हो, चांगलं चाललंय." पहिल्या रांगेत थोरल्या भावानं धाकट्याचा हात धरला होता आणि दोघेही रडत होते. हसणाऱ्या लोकांना ते का रडताहेत हे कळलंच नसेल. मला कळलं, आणि मीही त्यांच्यात सामील झाले.

थोरलीनं हसणं ओसरू दिलं. मग माइक दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "ही माझी धाकटी जाऊ. हिनं आमच्या रस्त्यावरच्या बायकांना पळायला लावलं. मला पण." आणि वळली.

मंचाच्या मागे उतरायला पायऱ्या होत्या. थोरलीचा गुडघा त्या पायऱ्यांवर अडला आणि ती तिथेच वरच्या पायरीवर बसली. धाकटी खाली उभी होती. दोघींचे पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्हं माझ्या हातात, त्यामुळे मला जाता येत नव्हतं. खरं सांगायचं तर हात मोकळे असते तरी मी गेले नसते.

"गुडघा दुखतोय?" धाकटीनं विचारलं.

"दुखतोय," थोरली म्हणाली. मग जमिनीकडे बघत तिनं एकदम सुरू केलं, "ती गादी मी खुर्चीत भरली नाही. तुला खोटं सांगितलं. उसवली ती खरी, पण कापूस गच्चीवर नेऊन सोडून दिला वाऱ्यावर. तू येशील, ती बघशील आणि पुन्हा कोसळशील, म्हणून करतेय असं मी मनाला सांगत होते." ती थांबली. "तेही खरं नाही. मलाच बघवत नव्हती ती. रोज येता-जाता दिसायची. तुझं दुःख एवढं मोठं, मी कोण त्यात रडणारी? तू विचारलंस तेव्हा काहीतरी कामाचं कारण सांगून मोकळी झाले. मग तू बोलेनाशी झालीस. मला वाटलं, बरोबरच आहे."

 धाकटी पायरी चढून वर गेली आणि थोरलीच्या शेजारी टेकली. जागा अरुंद होती. तिनं थोरलीच्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माझ्यापाशी येऊन रडायचं होतंत ना, ताई," ती म्हणाली. "मी घरात एकटीच रडत होते."